जुनी बाईक घेताना इंजिन सगळेच ऐकतात, पण खरा घोळ आरसीवरच्या नावात असतो

जुनी बाईक बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? गाडीवर बसतो आणि जोरात रेस देतो. मग सगळं कळल्यासारखा चेहरा करून आवाज ऐकतो. सोबत आलेला मित्र टायरला लाथ मारून बघतो. त्यातून काय कळतं हे आजवर कुणालाच सांगता आलेलं नाही, पण लाथ मारायची पद्धत आहे. गाडीवाला म्हणतो, "एक रुपयाचं काम नाही गाडीला. डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय." घासाघीस होते, हजार-पाचशे कमी होतात, मोबाईलवरून पैसे जातात आणि किल्ली हातात येते.

कागदपत्रांचं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "टीटीच्या फॉर्मवर सह्या करून दिल्यात, कधीही नावावर करून घ्या."

हे 'कधीही' बऱ्याचदा उजाडतच नाही. गाडी दोन-तीन वर्षं चालते, पुढच्याला विकली जाते, सोबत तेच सह्या केलेले फॉर्म जातात. चौथा माणूस गाडी चालवत असतो आणि सरकारदरबारी मालक अजून पहिलाच असतो.

आता इंजिनचं काम निघालं तर खर्च होतो, पण तो मोजता येतो. बोअर-पिस्टन बदला, क्लच प्लेट टाका, पुण्यात असाल तर नाना पेठेत सगळे स्पेअर मिळतात. कागदाचा घोळ निघाला तर तो किती लाखांत जाईल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून गाडीआधी कागद बघायचे.

मालक कोण? ज्याचं नाव आरसीवर, तो

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या कलम २(३०) मध्ये 'मालक' कुणाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि ते सरळ आहे. ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो मालक. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाकडे आहे, स्टॅम्प पेपरवर काय लिहिलंय, याला इथे जागा नाही.

हे किती कडक आहे ते फेब्रुवारी २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालातून कळतं. प्रकरण एका कारचं होतं, पण नियम बाईकलाही तोच. पहिल्या मालकाने गाडी २००७ मध्ये विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली. नोंदणी मात्र कुणीच बदलली नाही. २००९ मध्ये गाडीने अपघात केला, त्यात एकाचा जीव गेला. भरपाई कुणी द्यायची यावर वाद सुरू झाला. हायकोर्टाने जबाबदारी नंतरच्या खरेदीदारावर टाकली होती. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि सांगितलं, अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. ज्याचं बिचाऱ्याचं नुकसान झालंय त्याला हातोहात विकल्या गेलेल्या गाडीची साखळी शोधत बसायला लावता येणार नाही, असा त्यामागचा विचार.

हे वाचून घेणाऱ्याला वाटेल की बरंय, लफडं विकणाऱ्याच्या गळ्यात. तसं नाही.

गाडीच्या विम्यात 'ओनर-ड्रायव्हर'चा वैयक्तिक अपघात विमा असतो, १५ लाखांचा. नावातच आहे, ओनर. मालक म्हणून आरसीवर आणि पॉलिसीवर नाव पाहिजे, शिवाय लायसन्स पाहिजे. समजा एखादा पोरगा ३५ हजारांची जुनी गाडी घेऊन दिवसभर डिलिव्हरी करतोय आणि गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. उद्या रस्त्यावर त्याचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना त्या १५ लाखांतला रुपयाही मिळत नाही. विमा चालू असतो, हप्ता भरलेला असतो, फक्त नाव दुसऱ्याचं असतं.

गाडी चोरीला गेली तरी तेच. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत आपोआप नव्या मालकाकडे जातो असं कलम १५७ सांगतं, पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी. स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी, यासाठी पॉलिसीवर नाव बदलून घ्यावंच लागतं. त्यासाठी मुदत आहे १४ दिवसांची. पोलिसांनी गाडी उचलून नेली तर सोडवायलाही आरसीवरचा माणूस लागतो. तो तोवर गाव सोडून गेलेला असतो, नाहीतर फोन उचलत नाही.

पैसे देण्याआधी मोबाईलवर काय बघायचं

गाडीचा नंबर घेऊन पहिल्यांदा एमपरिवहन ॲप किंवा परिवहनच्या वेबसाइटवर टाकायचा. नोंदणीची तारीख, इंधन, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, गाडी कुठल्या बँकेकडे तारण आहे, हा सगळा हिशोब तिथे दिसतो. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण समोरचा माणूस तोच आहे का एवढा अंदाज येतो.

फायनान्सचा रकाना नीट बघा. तिथे बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर "लोन कधीच फिटलंय" या वाक्याला काही किंमत नाही. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावरच तो उतरतो. बरेच लोक शेवटचा हप्ता भरतात आणि हे काम करायचं विसरून जातात, त्यात फसवणूक नसते, आळस असतो. पण कर्ज खरंच बाकी असेल तर वसुलीवाले गाडी शोधत येतात ते तुमच्या दारात.

मग चलान. महाराष्ट्रात ई-चलान गाडीच्या नंबरवर फाटतं, माणसाच्या नावावर नाही. आधीच्या मालकाने सिग्नल तोडले, ट्रिपल सीट फिरला, ते सगळं त्या नंबरला चिकटलेलं असतं. महाट्रॅफिकच्या साइटवर नंबर टाकला की फोटोसकट यादी येते. थकलेली रक्कम एकतर आधी भरायला लावायची, नाहीतर किमतीतून कापायची. नाव बदलताना ती अडसर होऊ शकते.

नंबर प्लेटही बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे ती होलोग्राम असलेली पाटी, सक्तीची केली आहे. दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये लागतात. पाटी बसलेली नसेल तर आरटीओ नाव बदलण्याचं काम पुढे सरकवत नाही. खर्च किरकोळ आहे, पण अपॉइंटमेंट घेऊन ते आधी उरकायला सांगायचं.

आणि वय. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२२ च्या एप्रिलपासून दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची स्प्लेंडर बारा हजारांत मिळते तेव्हा ती स्वस्त का आहे, याचं अर्धं उत्तर इथे असतं.

चेसिस नंबर पुसट असेल तर तिथूनच मागे फिरायचं

आरसीवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. चेसिस नंबर बहुतेक बाईकवर हँडलच्या खाली, जिथे पुढचे शॉकअप फ्रेमला जोडलेले असतात त्या नळकांड्यावर ठोकलेला असतो. इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या भागावर. फडकं मारायचं, मोबाईलचा टॉर्च लावायचा आणि एकेक अक्षर आरसीशी ताडून बघायचं. कागद ठेवून वर पेन्सिल घासली की नंबरचा ठसा उठतो. याला चेसिस प्रिंट म्हणतात आणि आरटीओच्या फॉर्मवर तो तसाही लागतोच. अक्षरं एका ओळीत नसतील, आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील, नवा रंग मारलेला असेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यायची. चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तशी शंका यायला जागा असताना गाडी घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. बाजारभावाच्या निम्म्या किमतीत, बिनकागदाची गाडी घेतली तर 'मला काय माहीत' हे पोलिसांना पटवणं अवघड जातं.

फेसबुकवर एक जुनाच प्रकार अजून चालतो. गाडी चकाचक, किंमत निम्मी, विकणारा म्हणतो मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून घाईत विकतोय. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. गाडी 'ट्रान्सपोर्टने' येणार असते, त्यासाठी आधी थोडे पैसे भरा, मग अजून थोडे. गाडी कधीच येत नाही, कारण ती नसतेच. डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही.

आता या इंजिनकडे

बघायला जाताना सकाळची वेळ धरा आणि "आधी चालू करू नका" असं फोनवरच सांगून ठेवा. पोहोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर गाडी आधीच तापवून ठेवलीय, म्हणजे थंडीत सुरू होण्याचा काहीतरी प्रॉब्लेम लपवायचा असू शकतो. किक असेल तर किकने सुरू करा. रेस लगेच देऊ नका, तसंच मिनिटभर चालू द्या. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर गाडी ऑइल पिते, म्हणजे रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्हचं काम आलंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, हे तुलनेने स्वस्तात सुटतं. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघते, तिला घाबरायचं कारण नाही.

मीटरवर विश्वास कमी ठेवा. २५ हजार किलोमीटर लिहिलंय, पण ब्रेकच्या पायदानाचं रबर गुळगुळीत झालंय, सीट बसलीय, चेन-स्पॉकेटचे दाते वाकून शार्कच्या दातासारखे झालेत, तर मीटर खोटं बोलतंय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. २०१९ ची गाडी, १२ हजार किलोमीटर आणि टायर मात्र २०२३ चा, तर मधे काय झालं ते विचारायलाच हवं.

अपघात झालाय का ते रंगावरून कळत नाही, कारण पॅनल बदलणं सोपं असतं. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर ते जिथे अडतं, तिथल्या फ्रेमच्या खुंटीवर चेपल्याची खूण असेल तर गाडी समोरून जोरात आदळलेली असते. मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक वर उचला आणि हँडल हळू फिरवा. मध्यभागी खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. मग मागून उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा.

महाराष्ट्रात एक गोष्ट जास्तीची तपासावी लागते, ती म्हणजे पुराचं पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून, दूरच्या जिल्ह्यात विकायला गेल्या तर आश्चर्य नाही. सीट उघडून कोपऱ्यांत वाळलेला गाळ आहे का बघा, मीटरच्या काचेत आतून बाष्प आहे का बघा, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आलाय का बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. कोकणातल्या, म्हणजे एमएच-०७ आणि एमएच-०८ पासिंगच्या गाड्यांना मात्र पुराशिवायही गंज असतो. तिथे सायलेन्सर आणि रिम आधी बघायची.

वर्ष निवडताना एप्रिल २०२० ही रेघ लक्षात ठेवा. त्या महिन्यापासून बीएस-६ आलं आणि बहुतेक बाईकचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आधीची गाडी गावातला कुठलाही मिस्त्री उघडून बसवतो. नंतरची गाडी चालते छान, पण सेन्सर गेला तर स्कॅनरवाला गाठावा लागतो. एप्रिल २०१९ नंतर विकल्या गेलेल्या १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याने या एका गोष्टीसाठी चार हजार जास्त मोजले तरी चालतील.

किंमत कशी ठरवायची? विम्याच्या पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने गाडीची आजची किंमत. त्याचं कोष्टक ठरलेलं आहे. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. बाजार याच्या वर-खाली चालतो, पण भाव करताना हातात एक कागद असतो. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या बाईकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या गाडीचा मालक अजून त्याने भरलेल्या किमतीवरून हिशोब लावत असेल, तर त्याला नव्या गाडीचा आजचा भाव दाखवायचा.

नाव बदलताना नेमकं काय होतं

विकणाऱ्याने फॉर्म २९ वर आरटीओला कळवायचं, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत. घेणाऱ्याने फॉर्म ३० वर अर्ज करायचा, ३० दिवसांच्या आत. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरता येतो. दुचाकीच्या हस्तांतरणाची सरकारी फी आहे १५० रुपये, स्मार्ट कार्ड आणि टपालाचे वेगळे. एजंट दोन-तीन हजार सांगतो तेव्हा त्यातलं सरकारी किती आणि त्याच्या खेपांचं किती, हे माहीत असलेलं बरं.

ऑनलाइन अर्जात मूळ मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. सह्या केलेले फॉर्म वर्षभर कपाटात ठेवणाऱ्यांची गाडी इथेच अडते. त्यामुळे अर्ज व्यवहाराच्याच दिवशी, विकणारा समोर बसलेला असताना भरायचा. तो "नंतर बघू" म्हणाला तर किमतीतले काही हजार अर्ज होईपर्यंत स्वतःकडे ठेवायचे. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, गाडीबाजारात हे रोज चालतं. आणि प्रामाणिक विकणाऱ्याला तर हे त्याच्याच फायद्याचं आहे, त्या २०१८ च्या निकालामुळे.

काही गाड्यांत जास्तीची पायरी असते. "गाडी वडिलांच्या नावावर आहे, ते वारले" असं कळलं तर मुलाची सही चालत नाही. आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग पुढे विकायची. सरकारी लिलावात घेतलेली गाडी असेल तर फॉर्म ३२. गोव्याच्या पासिंगची गाडी सावंतवाडी-कोल्हापूरकडे स्वस्तात मिळते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्स भरावा लागतो. ती बेरीज करूनच भाव बोलायचा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी असेल तर ती पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी गाडी. तिचं आयुष्य कसं गेलंय हे सांगायला नको.

डीलरकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललेत. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत परवाना घ्यावा लागतो आणि मालकाने गाडी त्याच्याकडे सोपवल्याची नोंद फॉर्म २९सी वर पोर्टलवर होते. ती झाली की तोवर डीलरच मालक धरला जातो. दुकानात गेल्यावर आधी परवाना आणि त्या गाडीची ही नोंद दाखवायला सांगायची. दाखवता आली नाही, तर तो डीलर म्हणजे फक्त मधला माणूस.

गाडी ताब्यात घेताना एका कागदावर तारखेसोबत वेळही लिहायची आणि दोघांनी सह्या करायच्या. दुपारी चारला गाडी दिली आणि तीनला कुणी सिग्नल तोडला, तर ते चलान कुणाचं हा वाद मिटतो. बाकी त्या कागदाने, तो पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला असला तरी, मालक बदलत नाही.

नवं स्मार्ट कार्ड आलं की नावाचं स्पेलिंग, चेसिस नंबर आणि फायनान्सचा रकाना लगेच तपासा. मग ते घेऊन विमा कंपनीकडे पॉलिसीवर नाव चढलं का ते बघा, तिथला १४ दिवसांचा अर्ज आधीच करून ठेवलेला असेल तर उत्तम. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, त्यामुळे फरकाची थोडी रक्कम भरावी लागेल. आणि १५ लाखांच्या अपघात विम्यात नॉमिनी म्हणून घरातल्या कुणाचं तरी नाव तेव्हाच लिहून टाका.